पेत्राचे प्रकटीकरण: एक डोंगरावरचे, एक मंदिरातले

‘पेत्राचे प्रकटीकरण’ या नावाचे दोन प्राचीन ख्रिस्ती ग्रंथ आहेत. दोन्ही बायबलबाहेरचे, दोन्हींत येशूचा शिष्य पेत्र याला दर्शन घडते, आणि नाव सोडले तर दोघांत सामाईक असे फारच थोडे. तरीही एकाच्या साक्षी, म्हणजे जुन्या लेखनातले त्याचे उल्लेख, दुसऱ्याच्या नावावर सर्रास खपवल्या जातात.

पहिला ग्रंथ दुसऱ्या शतकातला, मूळ ग्रीक. तो आज पूर्ण रूपात फक्त गीझ या प्राचीन इथिओपियाई भाषेत उरला आहे. हा गीझ मजकूर एका मोठ्या ग्रंथाच्या पोटात दडलेला होता आणि 1910 च्या सुमारास फ्रेंच अभ्यासक ग्रेबो यांनी तो छापला. दुसरा ग्रंथ कॉप्टिक या इजिप्तच्या जुन्या भाषेतला, 1945 साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या हस्तलिखितांपैकी सातव्या संहितेतला (बांधलेल्या हस्तलिखित पुस्तकातला) तिसरा. ती संहिता चौथ्या शतकातली आहे. तिच्या बांधणीत पुठ्ठ्यासाठी वापरलेल्या रद्दी कागदपत्रांवर 341, 346 आणि 348 ही वर्षे मिळतात, म्हणजे ती त्याआधी बांधली गेलेली नाही.

हातात कोणता ग्रंथ आहे हे ओळखायचे तर आधी जागा पाहा. पहिल्यात येशू जैतुनांच्या डोंगरावर बसलेला आहे आणि शिष्य त्याला युगाच्या शेवटाची चिन्हे विचारतात. तो आपल्या उजव्या तळहातात शेवटचा दिवस दाखवतो, मग पाप्यांच्या शिक्षा येतात. पंधराव्या अध्यायात तो म्हणतो, चला, पवित्र डोंगरावर जाऊ. दुसऱ्या ग्रंथात तारणारा, म्हणजे येशू, मंदिरात बसलेला आहे. डोंगर त्यात कुठेच नाही.

डोंगरावरचे दर्शन वाचताना बहुतेकांची गफलत होते ती मत्तय, मार्क आणि लूक या शुभवर्तमानांतली रूपांतराची कथा डोक्यात असल्यामुळे. तिथे येशू पेत्र, याकोब आणि योहान या तिघांनाच वर नेतो आणि रूप पालटते ते येशूचे. इथे शिष्य प्रार्थना करत सोबत जातात, आणि डोळे दिपवणारे तेज असते समोर आलेल्या दोन पुरुषांचे. त्यांची अंगे बर्फाहून पांढरी आणि गुलाबाहून लाल, केस इंद्रधनुष्यासारखे. पेत्राने विचारल्यावर कळते की हे जुने संदेष्टे मोशे आणि एलीया. पुढे तो अब्राहाम, इसहाक आणि याकोब कुठे आहेत असे विचारतो, तेव्हा फळझाडांची, सुगंधाने भरलेली बाग दिसते. येशूचा चेहरा पालटल्याचे वर्णन या प्रसंगात शोधू नका, ते नाही.

मंडपांचा प्रसंगही वेगळाच. शुभवर्तमानात पेत्र तीन मंडप करू म्हणतो आणि त्याला काय बोलावे ते कळत नव्हते एवढेच सांगितले जाते. इथे येशू रागावतो. सैतानाने तुझी बुद्धी झाकली आहे असे तो पेत्राला सुनावतो आणि माणसाच्या हातांनी न बांधलेला एकच मंडप दाखवतो. मग आकाशवाणी होते, ढग येतो आणि येशू, मोशे व एलीया यांना घेऊन जातो, आकाश उघडते. म्हणजे रूपांतराची कथा इथे स्वर्गारोहणात संपते. या ग्रंथाचे खरे वेगळेपण माझ्या मते नरकाच्या वर्णनापेक्षा इथे आहे, पण लोक जिभेने टांगलेल्या निंदकांपाशीच अडकतात.

दुसऱ्या ग्रंथातले दर्शन अगदी उलट्या रीतीने घडते. याजक आणि लोक दगड घेऊन धावत येताना दिसतात, पेत्र घाबरतो. तारणारा त्याला डोळ्यांवर हात ठेवायला सांगतो. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. पुन्हा तसेच केल्यावर दिवसाच्या उजेडाहून मोठा प्रकाश तारणाऱ्यावर उतरताना दिसतो. मध्ये विरोधी गटांवर लांबलचक टीका येते, त्यात स्वतःला बिशप आणि डीकन म्हणवणारे ‘पाणी नसलेले कालवे’ ठरतात. शेवटी वधस्तंभाचे दृश्य: हातापायांना खिळे ठोकले जात आहेत तो एक, आणि वर आनंदाने हसणारा दुसरा. हसणारा तो जिवंत येशू, खिळलेले ते त्याचे देहरूप, असे तारणारा समजावतो. ‘हसणारा ख्रिस्त’ कुठे उद्धृत केलेला दिसला आणि खाली इथिओपियाई ग्रंथाचे नाव असेल, तर तो संदर्भ चुकलेला आहे.

साक्षींची अदलाबदल याहून घातक. मुरातोरी यादीत, म्हणजे मान्य ख्रिस्ती ग्रंथांच्या एका जुन्या यादीत, योहानाच्या प्रकटीकरणासोबत पेत्राचेही मान्य केले आहे, मात्र आपल्यातल्या काहींना ते मंडळीत (चर्चमध्ये) वाचलेले नको, असाही शेरा आहे. पॅलेस्टाईनमधल्या काही मंडळ्यांत ते गुड फ्रायडेला वाचत, असे पाचव्या शतकातला चर्च-इतिहासकार सोझोमेन सांगतो. या नोंदी डोंगरावरच्या ग्रंथाबद्दल आहेत. त्यांवरून ‘आरंभीच्या चर्चने नॉस्टिक प्रकटीकरण स्वीकारले होते’ असा, म्हणजे गुप्त ज्ञानातून मुक्ती मानणाऱ्या नॉस्टिक पंथाच्या या दुसऱ्या ग्रंथाबद्दलचा, निष्कर्ष काढला की सगळी मांडणीच कोसळते.

पहिल्या ग्रंथातही एक सापळा आहे. 1886–87 च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये अखमीम येथील एका थडग्यात सापडलेल्या ग्रीक हस्तलिखितात त्याचा काही भाग आहे आणि तिथे क्रम उलटा: डोंगर आणि स्वर्ग आधी, शिक्षा नंतर. शिवाय गीझमध्ये येशू शिक्षा भविष्यकाळात सांगतो, अखमीममध्ये पेत्र त्या स्वतः पाहिल्यासारख्या सांगतो. बहुतेक अभ्यासक गीझचा क्रम जुना मानतात. पण शब्दांच्या बाबतीत गीझवर डोळे मिटून विसंबू नये. चौदाव्या अध्यायात निवडलेले लोक मागतील त्यांना शिक्षेतून सोडवण्याचे वचन व्हिएन्नातल्या एका ग्रीक तुकड्यात स्पष्ट आहे, गीझमध्ये ते धूसर झाले आहे.

म्हणून टिपण काढताना पाठ कोणता ते संदर्भातच लिहावे. गीझसाठी अध्याय 1 ते 17, अखमीमसाठी 34 ओव्या, कॉप्टिकसाठी संहितेची पाने 70 ते 84 आणि ओळी. नुसते ‘पेत्राचे प्रकटीकरण 15’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला अखमीमची पंधरावी ओवीही सापडू शकते. आणि पेत्र, डोंगर, प्रकाश हे तिन्ही असूनही मजकूर यांपैकी कशातच बसत नसेल, तर नाग हम्मादीच्या आठव्या संहितेतले ‘पेत्राचे फिलिप्पाला पत्र’ उघडून पाहावे. त्यातही प्रेषित जैतुनांच्या डोंगरावर जमतात आणि मोठा प्रकाश प्रकटतो.