निसर्गदृश्यं आणि बागेच्या फोटोंचं एडिटिंग

डोंगर, समुद्र, झाडी, बाग, वाफे असा उघड्यावरचा कुठलाही फोटो काढून झाल्यावर त्यातला उजेड, रंग, चौकट आणि कधीकधी फोटोतल्या वस्तूसुद्धा बदलून साध्या फोटोला वेगळंच रूप देण्याचं काम. क्रॉप, फिल्टर, ऑटो बटण, ब्राइटनेसचे स्लायडर हे सगळं फोन वापरणाऱ्या कुणालाही माहीत असतं, त्यामुळे इथे त्यात शिरलेलो नाही. वाद आहे तो हे नक्की कधी सुरू झालं आणि कुठपर्यंत गेलं की त्याला एडिटिंग म्हणायचं, यावर.

सुरुवातीबद्दलची मतं

एक मत असं की याचं मूळ फोटोग्राफीच्याही आधीचं आहे. 18व्या शतकात इंग्लंडमध्ये निसर्ग बघायला जाणारे हौशी लोक क्लॉड ग्लास नावाचा गडद रंगाचा, किंचित फुगीर छोटा आरसा बरोबर न्यायचे, समोरच्या दृश्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आरशात बघायचं, म्हणजे रंग दबलेले, बारीकसारीक तपशील गायब आणि सगळा देखावा एका चौकटीत बसलेला दिसायचा. नाव क्लॉड लोरॅं या 17व्या शतकातल्या चित्रकाराचं, पण त्याने स्वतः असा आरसा वापरल्याचा पुरावा नाही. बागेच्या बाजूने हम्फ्री रेप्टन याचं नाव घेतलं जातं. 1788 च्या सुमाराला तो बागा आखून द्यायच्या धंद्यात पडला आणि मालकाला दाखवायला लाल चामड्यात बांधलेल्या वह्या करायला लागला, त्यात बागेचं आत्ताचं चित्र आणि त्यावर चिकटवलेली झडप, झडप उचलली की खाली त्याच जागेचं सुधारलेलं रूप. आज एडिटिंगवाले आधी आणि नंतर असे दोन फोटो शेजारी लावतात त्याचा हा पूर्वजच, यात शंका नाही. पण रेप्टन बदलत होता ती खरी बाग, चित्र फक्त कबूल करून घेण्यापुरतं.

दुसरं मत म्हणतं की खरी सुरुवात एका रासायनिक अडचणीतून झाली, आणि पुरावे बघता हेच जास्त पटतं. 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची, म्हणजे चिकट रसायनाचा थर देऊन ओली असतानाच कॅमेऱ्यात वापरायची काच जाहीर केली, पुढची तीसेक वर्षं तिचंच राज्य होतं. ही काच निळ्या आणि अतिनील उजेडालाच संवेदनशील, हिरवा तिला कमी कळायचा आणि लाल जवळपास नाहीच. परिणाम असा की जमिनीला पुरेल एवढा उजेड दिला की आकाश पूर्ण जळून पांढरं, ढगांचा पत्ता नाही, आणि झाडं मात्र काळीकुट्ट. म्हणजे आपल्याला आज निसर्गाच्या फोटोत जी दोन दुखणी सगळ्यात जास्त छळतात, पांढरं आकाश आणि मेलेला हिरवा, ती अगदी पहिल्या पिढीपासूनची आहेत.

उपाय म्हणून आकाशाची वेगळी निगेटिव्ह घ्यायची आणि छापताना दोन्ही जोडायच्या, ही कल्पना फ्रान्समध्ये इपोलित बायार याने 1852 साली मांडली असं बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. नुसतं निगेटिव्ह जोडणं एवढंच मोजायचं तर एदुआर बाल्दुसने साधारण 1851 मध्ये आर्लच्या सेंट ट्रोफीम मठाच्या ओवरीचा फोटो अनेक कागदी निगेटिव्ह जोडून केला होता आणि सांधे हाताने रंगवून बुजवले होते, पण ते वास्तूचं छायाचित्र, निसर्गाचं नाही, त्यामुळे इथे तो मान बायारकडेच ठेवलेला बरा. कल्पना गाजवली मात्र गुस्ताव्ह ल ग्रे याने. 1856 ते 1858 च्या दरम्यानची त्याची समुद्राची छायाचित्रं लंडन-पॅरिसमध्ये लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतली. 1857 ची सेत बंदरावरची मोठी लाट दोन निगेटिव्हची आहे, सांधा क्षितिजावर. 1856 चं पाण्यावरच्या जहाजाचं चित्र मात्र एकाच निगेटिव्हचं असावं असं काही अभ्यासक मानतात, आणि ते पटण्यासारखं आहे कारण तिथे पाणी आणि ढग दोन्ही चमकते आहेत, काळी झाडी वगैरे मध्ये येतच नाही. ल ग्रेने एकच आकाश एकापेक्षा जास्त चित्रांत वापरलं हेही दिसून येतं. तयार आकाशांचा साठा ठेवणारे आजचे लोक काही नवीन करत नाहीयेत.

अमेरिकेत एडवर्ड मायब्रिजने दोन्ही वाटा चालवल्या. ढगांच्या निगेटिव्हही वापरल्या आणि 1869 च्या सुमाराला कॅमेऱ्यातच आकाशाला कमी उजेड देणारी एक झडप तयार केली. पुढे 1873 मध्ये हेर्मान फोगेलने काचेला रंगद्रव्य लावून ती हिरव्यालाही संवेदनशील करता येते हे दाखवलं आणि 1906 पासून सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या, तेव्हा कुठे पिवळा किंवा लाल फिल्टर लावून एकाच निगेटिव्हवर ढग नीट यायला लागले.

डार्करूमचा काळ

या टप्प्यात एकच माणूस सगळी जागा खातो, अमेरिकन निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. फ्रेड आर्चरबरोबर त्याने 1939-40 च्या सुमाराला झोन सिस्टिम बसवली. या पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या अकरा पायऱ्या, दृश्यातला कुठला भाग कुठल्या पायरीवर बसवायचा ते फोटो काढायच्या आधीच ठरवायचं. छापताना एखाद्या भागावर हात किंवा पुठ्ठा धरून तो उजळ ठेवायचा, दुसऱ्यावर जास्त वेळ उजेड टाकून तो गडद करायचा, म्हणजेच डॉज आणि बर्न. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा त्याचा चंद्रोदय याचं नेहमीचं उदाहरण. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिके ढग स्पष्ट दिसतात, नंतरच्या प्रिंटमध्ये तेच आकाश जवळपास काळं, आणि 1948 मध्ये तर त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर पुन्हा रासायनिक प्रक्रिया करून तो ठळक केला. या फोटोच्या तारखेचाही घोळ आहे, खुद्द अ‍ॅडम्सने वेगवेगळी वर्षं सांगितली. चंद्राच्या जागेवरून डेव्हिड एल्मोरने 31 ऑक्टोबर 1941 काढली, नंतर डेनिस डि सिको याने 1 नोव्हेंबर 1941, दुपारी 4 वाजून 49 मिनिटं अशी दुरुस्ती केली आणि आता साधारणपणे तीच धरतात.

रंगीत फिल्मच्या काळात एडिटिंग कमी झालं असं म्हणतात, पण फिल्म निवडणं हाच एक प्रकारे निर्णय होता. 1990 मध्ये आलेली फुजीची वेल्व्हिया निसर्गवाल्यांनी उचलून धरली ती तिच्या भडक हिरव्या-निळ्यासाठीच.

डिजिटल तंत्र

थॉमस आणि जॉन नॉल या भावांचं फोटोशॉप फेब्रुवारी 1990 मध्ये बाजारात आलं, 1994 मध्ये त्यात लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे थर आले. 2007 च्या लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरपासून मूळ फाईलला हात न लावता फक्त बदलांची नोंद ठेवायची पद्धत सर्रास झाली. फुकटात गिंप, डार्कटेबल, फोनवर स्नॅपसीड. रॉ फाईलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेल्या फाईलमध्ये, एका रंगाला 14 बिट म्हणजे 16,384 पातळ्या मिळू शकतात, जेपेगमध्ये 256, म्हणून सावलीत बुडालेलं झाड जेपेगमधून वर काढायला गेलं की डाग आणि पट्टे उमटतात. वेगवेगळ्या उजेडाचे फोटो एकत्र करायचं एचडीआर 1997 मधल्या डेबेवेक आणि मलिक यांच्या कामानंतर पसरलं, काही वर्षं त्याचा इतका अतिरेक झाला की प्रत्येक झाडाभोवती पांढरी किनार दिसायची, बरं झालं ती लाट ओसरली.

धुरकट फोटो साफ करायच्या पद्धतीवर जरा थांबायला हवं, कारण साध्या फोटोचा कायापालट बऱ्याचदा इथेच होतो. लांबच्या डोंगराकडून येणारा उजेड वाटेत विखुरतो आणि हवेतलाच भलता उजेड त्यात मिसळतो, म्हणून डोंगर फिका दिसतो. नुसता कॉन्ट्रास्ट वाढवला तर जवळचं झाडही विनाकारण काळं पडतं, कारण धुरकटपणा अंतराप्रमाणे वाढतो आणि एका फोटोवरून अंतर कळत नाही. 2009 मध्ये काइमिंग हे, जियान सन आणि शियाओऊ टांग यांनी एक साधं निरीक्षण वापरलं. स्वच्छ हवेतल्या उघड्यावरच्या फोटोत आकाश सोडून कुठलाही छोटासा तुकडा घ्या, त्यांनी 15 बाय 15 पिक्सेलचा घेतला, त्यात लाल, हिरवा, निळा यातला एखादा तरी आकडा कुठेतरी शून्याजवळ असतोच, सावलीमुळे किंवा रंग गडद असल्यामुळे. हा किमान आकडा वर उचलला गेलेला दिसला म्हणजे तेवढं धुकं, आणि त्यावरून प्रत्येक जागी किती धुकं वजा करायचं ते ठरतं, वर अंतराचा अंदाज फुकट. गंमत म्हणजे त्यांनी थोडं धुकं मुद्दाम शिल्लक ठेवलं, कारण सगळंच काढलं तर लांबचं लांब वाटत नाही. बर्फ, पांढऱ्या भिंती यांच्यासमोर ही युक्ती फसते, त्यांना ती धुकंच समजते. लाइटरूममध्ये धुकं काढणारं डिहेझ 2015 साली आलं, आणि तो स्लायडर शेवटपर्यंत ओढणारे लोक नेमकं ते शिल्लक ठेवलेलं धुकंच घालवतात.

बागेचे फोटो

याबद्दल संदर्भग्रंथात फार काही सापडत नाही, बहुतेक जण निसर्गदृश्याच्या पोटातच उरकतात. पण अडचणी वेगळ्या आहेत. भर दुपारी झाडाखालच्या कवडशांमुळे फोटो चट्ट्यापट्ट्यांचा होतो. सावलीतला उजेड निळसर असतो, त्यामुळे व्हाइट बॅलन्स थोडा उबदार केल्याशिवाय पानं आजारी दिसतात. हिरवळ आपल्याला हिरवी वाटते तरी फाईलमध्ये तिच्यात पिवळा बराच असतो, म्हणून हिरव्याचा स्लायडर कितीही हलवला तरी काही होत नाही असं वाटलं तर पिवळ्याचा हलवून बघावा. लालभडक फुलात एकटा लाल चॅनल, म्हणजे फाईलमधली लाल रंगाची नोंद, आधी भरून जातो आणि पाकळ्यांच्या शिरा पुसल्या जातात, तिथे रंग वाढवण्याऐवजी लालाची चमक उतरवावी लागते.

निळ्या फुलांचं दुखणं तर नाव मिळालेलं आहे, अ‍ॅजेरॅटम इफेक्ट. अ‍ॅजेरॅटम, निळी मॉर्निंग ग्लोरी अशी फुलं डोळ्याला जेमतेम दिसणारा अगदी टोकाचा लाल उजेडही भरपूर परत पाठवतात, रंगीत फिल्मला तो दिसायचा आणि फूल गुलाबी यायचं. डिजिटल कॅमेऱ्यात त्या बाजूचा उजेड अडवणारा फिल्टर असल्यामुळे हे कमी झालंय, पण निळं फूल जांभळ्याकडे झुकतं ही तक्रार पूर्ण गेलेली नाही आणि ती एडिटिंगमध्येच निस्तरावी लागते.

पाण्याचा पाइप, वाळकी पानं, कुंडीवरचं लेबल काढून टाकायला फोटोशॉपमध्ये 2002 पासून हीलिंग ब्रश आणि 2010 पासून आजूबाजूचं बघून जागा भरणारं कंटेंट-अवेअर फिल आहे.

कुठवर चालतं

नॅशनल जिओग्राफिकच्या फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड, आडवा फोटो उभ्यात बसावा म्हणून, कॉम्प्युटरवर जवळ सरकवले होते, त्यावरून उठलेला वाद या विषयातला पहिला मोठा डिजिटल वाद मानला जातो. 2012 साली ब्रिटनमधल्या लँडस्केप फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत पहिला आलेला फोटो एडिटिंग नियमाबाहेर गेल्यामुळे बाद झाला. साधारण मत असं की उजेड-रंगाची फेरवाटणी चालते, वस्तू घालणं-काढणं सांगून करावं. ल ग्रेची लाट या नियमाने सरळ बाद होईल, पण त्यावर फार कुणी बोलत नाही.

आकाश बदलणं 2019 मध्ये ल्युमिनार या सॉफ्टवेअरमध्ये आणि 2020 मध्ये फोटोशॉपमध्ये जवळजवळ एका क्लिकवर आलं. सॉफ्टवेअर क्षितिज ओळखतं, फांद्यांमधली भोकं भरतं आणि खालच्या जमिनीलाही नव्या आकाशाचा रंग चढवतं, पण सावल्यांची दिशा तशीच राहते, त्यामुळे ढगाआडचा सूर्य एकीकडे आणि झाडाची सावलीही त्याच बाजूला पडलेली, असे फोटो पकडता येतात. फोटोशॉपमधल्या 2023 च्या जनरेटिव्ह फिल या एआय सोयीनंतर तर नुसतं लिहून बागेत तळं उभं करता येतं. फोटोवर काय काय केलं याची नोंद फाईलमध्येच ठेवणारं सी2पीए हे मानक 2021 पासून तयार होतंय, 2023 मध्ये लायकाच्या एका कॅमेऱ्यात ते थेट बसवलं गेलं, मात्र स्क्रीनशॉट काढला की ती नोंद फाईलमधून गळून पडते.