घरगुती लॉग स्किडर: जुन्या ट्रॅकवाल्या गाडीचं रूपांतर

तोडलेला ओंडका बुंध्यापासून ट्रक लागतो तिथपर्यंत फरफटत आणणारं मशीन म्हणजे लॉग स्किडर. कंपनीचा तयार स्किडर छोट्या लाकूडतोड्याच्या खिशाला परवडत नाही, म्हणून जुनी ट्रॅकवाली (चाकांऐवजी साखळीसारख्या पट्ट्यांवर चालणारी) गाडी, म्हणजे लष्कराने विकून टाकलेला कॅरियर (सैनिक नि सामान नेणारी गाडी), बर्फावर चालणारी गाडी, नाहीतर पाचपन्नास मालक बघून झालेला छोटा डोझर घ्यायचा, वरचं पत्र्याचं अंग उतरवायचं आणि मागे विंच (ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) नि कमान बसवायची, अशी ही पद्धत आहे. तिचं मूळ घर कॅनडा आणि अमेरिका. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही महायुद्धानंतर लष्करी कॅरियर शेतकऱ्यांनी घेऊन कामाला लावले. ठाणे-नवी मुंबई भागात ती रुळलेली नाही, पण तिला लागणारं जवळपास सगळं सामान आणि कसब इथे आहे, त्याचं शेवटी येईल.

उगम

ट्रॅक कोणी शोधला यावर बरीच शाई सांडलेली आहे आणि दर देशाचा आपला एक मानकरी आहे. इंग्लंडच्या जॉर्ज केलीने १८२५ मध्ये "युनिव्हर्सल रेल्वे" नावाने पेटंट घेतलं, म्हणजे गाडी स्वतःच स्वतःचा रूळ पुढे अंथरत जाते ही कल्पना, पण ती कागदावरच राहिली. १८४६ चं बॉयडेल या इंग्रजाचं पेटंट चाकाला लाकडी फळ्या जोडण्याचं होतं. ते वापरात आलं खरं, पण त्याला अखंड ट्रॅक म्हणणं ओढूनताणून होईल. रशियातले लेखक त्यांच्याकडच्या ब्लिनोव्ह या शोधकाचं नाव पुढे करतात. त्याचा परवाना साधारण १८७९ च्या आसपासचा आणि वाफेवरचं मशीन त्यानंतरच्या दशकातलं धरलं जातं, मात्र त्यातून कारखानदारी उभी राहिली नाही. मग येतो अमेरिकेतल्या मेन राज्याचा आल्विन लोम्बार्ड, ज्याच्या वाफेच्या लॉग हॉलरला (ओंडके वाहून नेणाऱ्या मशीनला) मे १९०१ मध्ये पेटंट मिळालं आणि ज्याची ८० च्या वर मशीनं बनली. तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९०४ मध्ये, कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्टने नदीच्या डेल्टामधल्या भुसभुशीत जमिनीसाठी आपला वाफेचा क्रॉलर, म्हणजे ट्रॅकवरचा ट्रॅक्टर, चालवून पाहिला. त्याच सुमारास इंग्लंडात ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीत डेव्हिड रॉबर्ट्स साखळी-ट्रॅकवर काम करत होता आणि १९१४ च्या आसपास हॉर्न्सबीचे अमेरिकेतले हक्क होल्टकडे गेले. होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एक होऊन १९२५ मध्ये कॅटरपिलर तयार झाली, आणि इतिहास जिंकणाऱ्याने लिहावा तसं होल्टचं नाव सगळीकडे वर राहिलं.

लाकडाच्या कामापुरतं बघायचं तर पहिला मान लोम्बार्डला देणं जास्त सयुक्तिक वाटतं, कारण त्याचं मशीन जंगलासाठीच बनलं होतं. विस्कॉन्सिनमध्ये फिनिक्स कंपनीनेही परवाना घेऊन तसली मशीनं काढली. मशीनच्या पुढच्या बाजूला ट्रॅकच्या जागी स्लेजसारखे (बर्फावरच्या घसरगाडीसारखे) पाय, त्यावर सुकाणू धरून उघड्यावर कुडकुडत बसलेला माणूस, मागे वाफेचं इंजिन आणि त्यामागे लाकडाने भरलेल्या स्लेजची रांग. पण इथेच एक गोष्ट सुटते. लोम्बार्ड ओंडके फरफटत नव्हता, तो पाणी टाकून गोठवलेल्या बर्फाच्या रस्त्यावरून भरलेल्या स्लेज ओढत होता. म्हणजे तो वाहतुकीचा पूर्वज झाला, स्किडरचा नाही.

स्किडरला स्किडर बनवते ती कमान. ओंडक्याचं पुढचं टोक उचलून धरलं की ते मातीत नांगरासारखं घुसत नाही. हे घोड्यांच्या काळातही माहीत होतं. मिशिगनमध्ये १८७० च्या दशकापासून माणसापेक्षा उंच चाकांच्या जोडीखाली ओंडका टांगून नेत. क्रॉलर ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी कमान आणि विंच ही जोडी साधारण १९२०-३० च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रुळली, त्यात १९२९ मध्ये पोर्टलंडला सुरू झालेल्या आणि पुढे हायस्टर नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीच्या विंचचा मोठा वाटा होता. सोव्हिएत बाजूला १९४० च्या दशकाच्या शेवटी लेनिनग्राडच्या किरोव्ह कारखान्याने केटी-१२ काढला, जो लाकूडच जाळून त्याच्या गॅसवर चालायचा आणि ओंडक्यांची टोकं स्वतःच्या पाठीवर घ्यायचा. घरगुती रूपांतर करणारे कळत नकळत या दोनपैकी एका घराण्यातले असतात: कमानवाले किंवा पाठीवर घेणारे.

कोणत्या गाड्या

ब्रिटिश युनिव्हर्सल कॅरियर (ब्रेन कॅरियर) युद्धानंतर स्वस्तात मिळायचा. फोर्डचं व्ही-८ इंजिन गाडीच्या मधोमध, ओढ मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकावर. स्टिअरिंग थोडं फिरवलं की पुढची बोगी (ट्रॅकवर टेकणाऱ्या छोट्या चाकांचा संच) बाजूला सरकून ट्रॅकच वाकतो आणि गाडी हळूच वळते, जास्त फिरवलं की एका बाजूला ब्रेक लागतो. युक्ती सुंदर आहे, पण मागे ओंडका बांधलेला असताना ट्रॅक वाकवून वळणं जवळपास विसरायचं, सगळं काम ब्रेकवर येतं आणि ब्रेक तापतात. शिवाय मागचा ॲक्सल ट्रकच्या सामानातला, तो सततच्या ओढीसाठी बनलेला नव्हता.

स्टुडबेकरचा एम-२९ वीझल (१९४३-४५) बर्फासाठी बनला. जमिनीवर दाब जेमतेम ०.१३ किलो प्रति चौरस सेंमी, म्हणजे उभ्या माणसापेक्षा कमी. दलदलीत तो राजा, पण रबरी पट्ट्यांवर बसवलेले त्याचे ट्रॅक दगडावर फार टिकत नाहीत आणि वजनच कमी असल्याने पकडही कमी. बॉम्बार्डियरचा मस्केग ट्रॅक्टर (१९५३) त्याहून कामाचा, कारण मुळातच तो दलदलीत ओझं वाहायला काढला होता. त्याच्या बोगीला हवेचे टायर असतात, आणि मागे कमान बसवली की शेवटच्या जोडीचे टायर आधी बसतात. जुने छोटे डोझर वेगाला मंद पण जातीचे ओढणारे. एम-११३ हा लष्करी वाहक बनवणाऱ्या एफएमसी कंपनीने १९७० च्या दशकात टॉर्शन बारवर (पिळून धक्के झेलणाऱ्या पोलादी सळयांवर) चालणारा वेगवान ट्रॅक-स्किडर बाजारात आणला, म्हणजे घरगुती मंडळी जे अंगणात करत होती तेच कारखान्यात झालं.

रूपांतर: वजन कुठे जातं

या विषयावरच्या गप्पा बहुतेक इंजिनावर अडकतात, किती हॉर्सपॉवर, कुठला गिअरबॉक्स, वगैरे. इंजिन ही इथली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. अवघड प्रश्न हा की दोर गाडीला कुठल्या उंचीवर आणि ट्रॅकच्या किती मागे पकडतो.

समजा गाडी ३५०० किलोची, जमिनीला टेकलेला ट्रॅक २ मीटर लांब, दोन्ही पट्टे ३०-३० सेंमी रुंद, आणि वजन बरोबर मध्यावर. रिकामी उभी असताना दाब ०.२९ किलो प्रति चौरस सेंमी. आता कमानीचं टोक जमिनीपासून १.२ मीटर उंच आणि ट्रॅकच्या अर्धा मीटर मागे आहे. १ टनाचा ओंडका उचलला तर अर्धं वजन, ५०० किलो, कमानीवर येतं, उरलेलं ५०० घासत येतं, त्याला ओढायला ३०० किलोच्या आसपास जोर लागतो. हिशेब केला की एकूण वजनाचा बिंदू मागच्या टोकापासून ०.७२ मीटरवर सरकतो. हा बिंदू ट्रॅकच्या लांबीच्या मधल्या एक-तृतीयांशात असेल तोवरच ट्रॅक पूर्ण टेकलेला राहतो. तो भाग ०.६७ पासून सुरू होतो, म्हणजे आपण कसेबसे आत. आता २ टनाचा ओंडका लावा. बिंदू ०.५१ वर जातो, पुढचा जवळपास अर्धा मीटर ट्रॅक नुसता तरंगतो आणि मागच्या टोकाखाली दाब ०.९९ वर पोचतो, म्हणजे रिकाम्या गाडीच्या तिपटीहून जास्त. गाडी उलटणार नाही, पण पुढचा आयडलर (ट्रॅकला ताण देणारं मोकळं चाक) हलका झाला की वळताना ट्रॅक उतरतो, आणि चढावर हेच आकडे आणखी बिघडतात. दलदलीवर तरंगते म्हणून जी गाडी घेतली तिचा तो गुणच आपण मागच्या दोन रोलरखाली गाडून टाकला, असं होतं.

म्हणून जाणकार कमान शक्य तितकी पुढे, ट्रॅकच्या टोकाला चिकटवून घेतात, उंची ओंडक्याचं टोक जमिनीपासून सुटेल इतकीच ठेवतात, आणि इंजिन, बॅटरी, डिझेल टाकी, सगळं पुढे सरकवतात. पुढे नुसतं काँक्रीटचं वजन लावणाऱ्यांनाही नावं ठेवायचं कारण नाही.

विंचची ओढ गिअरबॉक्सच्या पीटीओवरून (इंजिनची ताकद बाहेर देणाऱ्या शाफ्टवरून) किंवा हायड्रॉलिक मोटरवरून घेतात. १२ मिमीचा चांगला पोलादी वायर रोप नवा असताना साधारण ९ टनाला तुटतो, पण त्यावर तिसऱ्या हिश्शाहून जास्त भार टाकू नये, आणि ड्रम दोराच्या जाडीच्या निदान सोळा-अठरा पट असावा नाहीतर दोर आतून मोडतो. ड्रमवर थर चढत गेले की ओढ कमी होते, त्यामुळे कागदावरचा विंचचा आकडा हा पहिल्या थराचा असतो हे धरून चालायचं. ओंडक्याला बांधायचा तो चोकर, म्हणजे आखूड वायर रोपचा सरकफास, एका टोकाला गोळी आणि दोरावर सरकणारी लोखंडी घंटी, गोळी घंटीत अडकवली की फास आवळतो. जागेवरच वायर क्लिप मारून फास बनवायचा असेल तर क्लिपची खोगीर बाजू भार घेणाऱ्या दोरावर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटी मारली की तोच दोर चेपून कापला जातो. ड्रायव्हरच्या मागे जाड जाळी नसेल तर ते मशीन चालवूच नये, तुटलेला दोर चाबकासारखा परत येतो. डोक्यावर छत्रीसारखा मजबूत सांगाडाही हवाच.

जुन्या गाडीत पैसे जातात ते ट्रॅकमध्ये. स्प्रॉकेटचा दात बघायचा: नवा असताना दोन्ही बाजूंनी सारखा, घासला की एका बाजूने आत खाल्लेला आणि टोकाला पुढे वाकलेल्या हुकासारखा. अशा दातावर वेल्डिंगने भर घालून ग्राइंडरने आकार देतात, पण साखळीची पिच (दोन पिनांमधलं अंतर) आधीच वाढलेली असेल तर नवा दात जुन्या साखळीवर बसत नाही, करकर आवाज करत चढतो आणि महिन्याभरात पुन्हा तसाच होतो. मग पिन-बुश (साखळीच्या कड्या जोडणाऱ्या पिना नि त्यावरच्या नळ्या) अर्धा फेरा फिरवून घ्यायचे, म्हणजे न झिजलेली बाजू कामाला येते. हे आधी, स्प्रॉकेट नंतर.

ठाणे-नवी मुंबई

जुन्या ठाणे जिल्ह्यात (पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला) शहापूर, वाडा, जव्हार, मोखाडा इकडच्या कुपांतून (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यांतून) सागाची ओढाई बैलांनी आणि माणसांनीच झाली. १९४७ च्या सुमारास, बाळासाहेब खेरांच्या काळात, जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या आणि तोडीचं काम ठेकेदारांकडून हळूहळू त्यांच्याकडे आलं. डोंगरउताराची पायवाट, त्यात विखुरलेली झाडं, मजुरी कमी, अशा ठिकाणी ट्रॅकवाल्या मशीनचा हिशेब जुळत नव्हता. डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कार्ययोजनेशिवाय जंगलतोडच थांबली.

आता या पट्ट्यात ओंडका ओढायची वेळ दोनच ठिकाणी येते. एक, न्हावा-शेवाला कंटेनरमधून उतरणारं आयात सागवान, जिथे वायर रोपचा फास टाकून हायड्रा क्रेन किंवा लोडरने माल बाहेर ओढतात. दुसरं, पावसाळ्यात पडलेली झाडं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा शहरभर झाडं आडवी झाली, पण असं झाड रस्त्यावरच चेनसॉने तुकडे करून डंपरमध्ये भरलं जातं, अखंड ओढायची गरजच पडत नाही.

तरी कोणी हे मशीन बनवायचंच म्हटलं, गावाकडच्या स्वतःच्या निलगिरी किंवा सुरूच्या लागवडीसाठी म्हणा, तर इथे ब्रेन कॅरियर नाही, भंगारात निघालेला लहान पोकलेन हाच व्यवहारी पाया. बूम (पुढचा लांब हात) काढली की मागचं काउंटरवेट (तोल राखणारं वजन) एकटं पडतं आणि गाडी त्या बाजूला झुकते, म्हणून वरचा भाग असा फिरवून पक्का लॉक करायचा की काउंटरवेट आयडलरच्या बाजूला, म्हणजे पुढे, येईल आणि बूमच्या जागी बसवलेली कमान स्प्रॉकेटच्या बाजूला, मागे. वजनाचा वरचा सगळा प्रश्न यात निम्मा सुटतो. हायड्रॉलिक पंप आयताच असतो, वरचा भाग फिरवणारी मोटर मोकळी होते, योग्य गिअर लावून तीच विंचला देता येते. अडचण एकच, ऑपरेटरचं तोंड ओंडक्याकडे राहतं आणि गाडी पाठीमागे चालते, त्यामुळे सीट फिरवावी लागते. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून चॅनल आणि प्लेट, वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेच्या शेडमध्ये लेथ आणि वेल्डिंग, इतक्यात भागतं. फक्त वेल्डरला आधीच सांगून ठेवायचं की ट्रॅकच्या लिंकचं पोलाद साधं एमएस (माइल्ड स्टील) नाही, गरम न करता वेल्ड मारला तर थंड होताना बाजूला तडा जातो.

कागदपत्रांचं वेगळंच. नोंदणी असलेल्या वाहनात बदल केला तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं. पोलादी ट्रॅक डांबर उखडतो, म्हणून असं मशीन रस्त्याने न चालवता लो-बेड ट्रेलरवरच न्यावं लागतं. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि वनोपज वाहतुकीच्या नियमांत येणारं लाकूड वाहतूक पास हातात आल्याशिवाय ट्रकमध्ये चढत नाही.