वाऱ्याची उफणणी

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात भाताची मळणी झाली की खळ्यावर उफणणी चालते. सुपातून भात वाऱ्यावर सोडलं की दाणे पायाशी पडतात, फोल आणि भुसा लांब उडून जातो. समुद्रकिनाऱ्यावर हेच काम वारा एकटा करतो. माती-धूळ हवेत तरंगत दूर निघून जाते, गोटे जागचे हलत नाहीत. मधली उरते ती वाळू, आणि तिची चाल निराळीच.

गेल्या मे महिन्यात चोर्ला घाट उतरून आम्ही गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. दुपारी खारा वारा सुटला आणि घोट्यांना सुया टोचू लागल्या. तोंडाला मात्र काहीच लागत नव्हतं. लेकीने विचारलं, "बाबा, वाळू खालूनच का उडते?"

कारण ती उडत नाही, उड्या मारते. वारा ताशी साधारण २० किलोमीटरच्या पुढे गेला की कोरडा बारीक कण जमिनीवरून उचलला जातो, थोडा पुढे जातो आणि तिरका खाली आपटतो. आपटताना तो दुसऱ्या कणांना उडवतो, ते आणखी काहींना. जाडे कण उडत नाहीत, पण धक्क्याने पुढे सरकतात. आपल्या सहापट व्यासाच्या कणालाही असा उडता कण ढकलू शकतो. एकदा ही धावपळ सुरू झाली की वारा थोडा मंदावला तरी ती थांबत नाही. राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने १९३०च्या दशकात लिबियाच्या वाळवंटात आणि स्वतः बांधलेल्या वाऱ्याच्या बोगद्यात हे बारकाईने मोजलं. जोराच्या वाऱ्यात वाहून जाणारी वाळू वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर वाळू जवळपास आठपट.

अशी वाहत आलेली वाळू साठून किनाऱ्यावर ढीग लागतात, त्यांच्याच टेकड्या होतात. मग पावसाळ्यात ढीग का लागत नाहीत? ओल्या कणांना पाणी एकमेकांशी चिकटवून ठेवतं. शिवाय उसळत्या लाटा पुळण ओरबाडून वाळू पाण्याखाली नेतात. सप्टेंबरनंतर समुद्र निवळला की शांत लाटा ती हळूहळू परत आणतात आणि ती उन्हात सुकते.

ढीग लागायला अडथळा लागतो, आणि तो बहुधा वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीचा असतो. मी पालथा पडून एका पानाजवळ डोळा नेला. पानाआड वारा लुळा पडत होता, कण टपटप खाली बसत होते, आणि मागे वाळूची बोटभर शेपटी तयार झाली होती. वेल गाडली गेली तरी ती वर निघते, पेरापेरांना मुळं फुटतात, आणि ढीग तिच्याबरोबर चढत जातो. रावणाच्या मिशा म्हणतात ते काटेरी गवतही हेच करतं. वाऱ्याकडचा उतार सौम्य राहतो, आडोशाचा सुमारे ३३ अंशांवर येऊन घसरू लागतो.

समुद्र नीट दिसावा म्हणून ही वेल उपटलेली पाहिली की मला खरंच राग येतो. वेल गेली की त्या फटीतून वारा घुसतो आणि टेकडी पोखरतो. पावसाळ्यातल्या लाटांना आधी झेलणारी वाळू हीच. २०१९च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत अशा टेकड्या सर्वांत नाजूक वर्गात धरल्या आहेत.

परतीच्या वाटेवर पणजीला मांडवी ओलांडली. तीच आमची महादयी, खानापूरच्या रानात उगम पावलेली. पुलावरून जाताना लेक तळव्यावरची वाळू बोटाने पसरून बघत होती. पांढरे चकाकते कण गारगोटीचे, निस्तेज तुकडे शिंपल्यांचे. "यातला एखादा आपल्याकडचा असेल?" असू शकतो, मी म्हणालो. तिने मूठ मिटली, ती घाट चढेपर्यंत उघडली नाही.