बायबलची कागदी सजावट

बायबलच्या छापील प्रतीत हाताने कापलेले, दुमडलेले, रंगवलेले कागद चिकटवत वाचलेल्या वचनावर चिंतन करण्याची ख्रिस्ती साधना. समासात केलेली टिपणे आणि चित्रे यांच्यासह तिला आज ‘बायबल जर्नलिंग’ म्हणतात. सध्याच्या रूपात ती एकविसाव्या शतकात अमेरिकेत, मुख्यतः प्रॉटेस्टंट स्त्रियांमध्ये रुजली. शास्त्रग्रंथाला कात्री लावण्याची रीत मात्र बरीच जुनी आहे.

तिचे सर्वांत नवलाचे उदाहरण इंग्लंडमधल्या हंटिंग्डनशायरचे. तिथे लिटल गिडिंग या खेड्यात निकोलस फेरार (१५९२–१६३७) याचा मोठा कुटुंबकबिला १६२० च्या दशकाच्या मध्यापासून प्रार्थनेला वाहिलेले जीवन जगत होता. चोवीस तासांत बायबलमधली दीडशेही स्तोत्रे म्हणून व्हावीत असा तिथला परिपाठ होता. या घरातल्या स्त्रियांनी, विशेषतः फेरारच्या भाच्या मेरी आणि ॲना कॉलेट यांनी, चार शुभवर्तमानांच्या छापील प्रती कापून येशूच्या चरित्राची एकच सलग कथा जुळवली. अशा ग्रंथाला ‘हार्मनी’ म्हणतात. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांतला कोणता तुकडा कुठे बसतो हे ठरवून ओळी, शब्दसमूह, प्रसंगी एखादा शब्दही सुटा कापायचा, शेजारी शेजारी चिकटवायचा आणि पान दाबयंत्रातून काढायचे. काम इतके सफाईचे की पान एकसलग छापल्यासारखे दिसे. सोबत कोरीव चित्रांचे छापही कापून नव्याने जोडलेले असत. पहिला चार्ल्स राजा यातली एक प्रत पाहण्यासाठी घेऊन गेला, ती त्याने काही महिने ठेवून घेतली आणि परत करताना तिच्या समासांत त्याच्या हातच्या नोंदी होत्या, असे फेरारच्या भावाने लिहून ठेवले आहे. राजासाठी १६३५ मध्ये केलेली प्रत आता ब्रिटिश लायब्ररीत आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समधल्या मठवासिनी बारीक चाकूने चर्मपत्र किंवा कागद कोरून जाळीदार नक्षी काढत आणि मधे संताचे चित्र रंगवत. ही ‘कॅनिव्हे’ प्रार्थनापुस्तकात ठेवली जात. पण ती सुटी असत, ग्रंथाच्या पानाला डिंक लागत नसे. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन याने १८२० च्या सुमारास चाकूनेच शुभवर्तमाने कापली, तीही ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा चार भाषांतली. पण त्याचा हेतू उलटा होता: येशूची शिकवण ठेवून चमत्कार आणि पुनरुत्थान वगळणे. हत्यार तेच असले तरी त्याला या साधनेच्या वंशावळीत बसवता येत नाही.

आजच्या प्रकाराची मुळे स्क्रॅपबुकिंगमध्ये, म्हणजे फोटो आणि आठवणींचे कागद वहीत सजवून चिकटवण्याच्या छंदात आहेत. १९८० नंतर यूटा राज्यातल्या मॉर्मन पंथाच्या कुटुंबांकडून हा छंद अमेरिकेत पसरला. क्रॉसवे या प्रकाशनसंस्थेने २००६ मध्ये रुंद समासाचे ‘जर्नलिंग बायबल’ काढले आणि हौशी हातांना जागा मिळाली. पुढच्या दशकात शॅना नोएल यांच्या ‘इलस्ट्रेटेड फेथ’ या उपक्रमाने या साधनेचा मोठा प्रसार केला. जपानी वाशी टेप, म्हणजे न फाटता निघणारी नक्षीदार कागदी पट्टी, याच काळात सर्वत्र मिळू लागली.

कागद हीच यातली खरी अडचण. बायबलचे पान साधारण ३० ते ४० जीएसएमचे (चौरस मीटरला इतके ग्रॅम), म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्म्याच वजनाचे. पातळ डिंकाने ते सुरकुतते, मार्करची शाई मागे उतरते. म्हणून ग्लू स्टिक किंवा डबल टेप वापरतात आणि रंग लावायचाच असेल तर आधी पारदर्शक जेसोचा, म्हणजे रंगाखाली लावायच्या अस्तराचा, हात देतात. कागदकामाची सर्वांत समंजस युक्ती ‘टिप-इन’: वेगळ्या कागदावर काम करायचे आणि तो फक्त एका कडेने पट्टीने जोडायचा. झडप उचलली की खालचा मजकूर वाचता येतो. याच पद्धतीने खिसे, घडीचे कागद, कडेचे टॅब लावले जातात. अशी पन्नासेक पाने भरली की पुस्तक मिटेनासे होते आणि शिवण ताणली जाते. त्यामुळे रोजच्या वाचनाची प्रत वेगळी ठेवणे बरे.

रीत साधी असते. उतारा सावकाश वाचायचा, एका वचनापाशी थांबायचे, प्रार्थना करायची, मग हात चालवायचे. कापण्या-चिकटवण्यातला संथपणा हाच तिचा लाभ मानला जातो. तयार स्टिकरांचे संच मात्र नेमका तो संथपणाच काढून घेतात. लिटल गिडिंगमध्ये कुठे कापायचे हे ठरवण्यासाठी चारही शुभवर्तमाने पुन्हा पुन्हा वाचावी लागत. गुलाबी फूल चिकटवायला ओळही वाचावी लागत नाही.

या साधनेवर आक्षेपही आहेत. काहींना वचनावर कागद चिकटवणे म्हणजे ते झाकणे वाटते आणि ते बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, अखेरच्या अध्यायातला शास्त्रात भर घालण्याविरुद्धचा इशारा पुढे करतात. समर्थक मध्ययुगीन हस्तलिखितांतल्या सोनेरी चित्रांकडे बोट दाखवतात. इशारा मजकुरात भर घालण्याबद्दल आहे, समासाबद्दल नाही, हे त्यांचे उत्तर पटण्यासारखे आहे. इन्स्टाग्रामवर मिरवण्यासाठी केलेल्या पानांबद्दलची तक्रार खोडणे त्यांना अवघड जाते.

मराठी ‘पवित्र शास्त्रा’च्या नेहमीच्या आवृत्तीत मजकूर दोन स्तंभांत दाटीने छापलेला असतो आणि समास अरुंद असतो. तिथे समासात चित्र काढण्यापेक्षा टिप-इन सोयीचे पडते.