पहिली पीसीपी रायफल : जोर म्हणजे अचूकता नव्हे

पीसीपी म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल. या सिलिंडरमध्ये हवेचा दाब जितका जास्त, तितकी रायफल अचूक, हा समज नवख्या नेमबाजांमध्ये वर्षानुवर्षे फिरत आहे आणि त्यापायी पालक भलतीच रायफल घेतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. दहा मीटर अंतराच्या नेमबाजीतील रायफलीचे सिलिंडर साधारणतः २०० बार (दाबाचे एकक) इतक्या दाबापर्यंत भरतात. मात्र आतला रेग्युलेटर तो दाब उतरवून प्रत्येक वेळी हवेचा सारखाच हप्ता छऱ्यामागे सोडतो. म्हणूनच सिलिंडर निम्मे रिकामे झाले, तरी ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुमारे १७० मीटर प्रतिसेकंद याच वेगाने निघतो. कागदाला भोक पाडायला एवढा वेग पुरतो. दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे असल्याने कस लागतो तो सातत्याचा.

तेव्हा दस्ता आणि गालपट्टी आपल्या अंगाप्रमाणे जुळवता येतात का, ट्रिगर हलका व स्वच्छ आहे का, हे आधी पाहावे. वजनही महत्त्वाचे आहे, कारण स्पर्धेत साडेपाच किलोची मर्यादा असली, तरी बारा वर्षांच्या मुलाला तेवढी रायफल पेलवत नाही. जुनी रायफल घेताना सिलिंडरवरील उत्पादनाची तारीख अवश्य वाचावी. दहा वर्षांहून जुने सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि ते भरणे धोक्याचेही ठरू शकते.