आय (स्पॅनिश व्याकरण)

एखादी वस्तू किंवा व्यक्ती कुठेतरी आहे, हे ऐकणाऱ्याला प्रथमच सांगताना स्पॅनिश भाषेत वापरले जाणारे क्रियारूप. लेखनात आरंभी एच हे अक्षर असते, पण ते उच्चारत नाहीत. ग्रामीण मराठीत आईला 'आय' म्हणतात, तसाच हा एका दमातला उच्चार. 'तिथे' या अर्थाच्या 'आई' या शब्दात मात्र आघात 'ई'वर पडतो. नवशिक्यांची इथे हमखास गल्लत होते.

मराठी भाषकाची खरी अडचण वेगळी आहे. आपले 'आहे' सगळीकडे चालते. स्पॅनिशमध्ये मात्र आय आणि 'एस्तार' (स्थान, स्थिती दाखवणारे 'असणे') यांतून निवड करावी लागते. तरीही हा भेद मराठीला परका नाही, तो आपण शब्दक्रमाने दाखवतो. 'टेबलावर पुस्तक आहे' यात पुस्तकाची बातमी नवी आहे: 'आय उन लिब्रो एन ला मेसा'. 'पुस्तक टेबलावर आहे' यात पुस्तक ठाऊक आहे, विचारली आहे ती जागा: 'एल लिब्रो एस्ता एन ला मेसा'. म्हणूनच आयनंतर सहसा 'उन' (एक), संख्या, 'मूचोस' (पुष्कळ) किंवा नुसते नाम येते. निश्चित उपपद 'एल' (इंग्रजी 'द'सारखे) येत नाही. 'इथे जवळपास स्वच्छतागृह आहे का?' हे आयने विचारायचे, 'स्वच्छतागृह कुठे आहे?' हे एस्तारने. पाठ केलेल्या नियमांपेक्षा ही मराठी वाक्यांची कसोटी अधिक उपयोगी पडते.

आय हे 'आबेर' या क्रियापदाचे रूप. लॅटिनमध्ये त्याच्या पूर्वजाचा अर्थ 'जवळ असणे, बाळगणे' असा होता. त्यातून आलेल्या 'आ' या रूपाला जुन्या स्पॅनिशमधील 'तिथे' अर्थाचा 'इ' चिकटला आणि आय तयार झाले. फ्रेंच शिकलेल्यांना 'इल या' आठवेल. त्याची घडणही अशीच आहे. मालकी दाखवण्याचे काम पुढे 'तेनेर'कडे गेले. त्यामुळे 'मला दोन भाऊ आहेत' यासाठी आय चालत नाही, 'तेंगो दोस एर्मानोस' म्हणावे लागते.

या इतिहासामुळे एक विलक्षण गोष्ट घडली: जी वस्तू आहे, ती व्याकरणात कर्ता नसून कर्म ठरते. म्हणून एक पुस्तक असो वा तीन, आय बदलत नाही. मराठीसारखे 'आहे–आहेत' होत नाही. भूतकाळातही प्रमाण भाषेत 'आबीआ' एकवचनीच राहते. बोलताना अनेक देशांत, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, लोक 'आबीआन' असे अनेकवचन करतात. स्पॅनिश भाषेची राजअकादमी ते ग्राह्य मानत नाही.

भूतकाळाची मुख्य रूपे दोन. 'आबीआ मूचा खेन्ते' म्हणजे पुष्कळ लोक होते. 'उबो उन तेर्रेमोतो' म्हणजे भूकंप झाला. 'होता' आणि 'झाला' यांतला फरक जाणणाऱ्याला ही जोडी अवघड जाऊ नये. भविष्यकाळी रूप 'आब्रा', नकारार्थी 'नो आय'. 'आय के' पुढे क्रियापदाचे मूळ रूप आले की अर्थ पालटतो: 'आय के एस्तुदिआर', अभ्यास करायला हवा.