मोतीला लस आहे, आपल्याला का नाही?

आमच्या मोती कुत्र्याला दरवर्षी नागपूरच्या धरमपेठेतल्या दवाखान्यात टोचून आणतो. डॉक्टर एका बाटलीतलं पातळ औषध सिरिंजमध्ये ओढतात आणि दुसऱ्या बाटलीतल्या पांढऱ्या वडीवर सोडतात. वडी क्षणात विरघळते. ते पातळ औषध म्हणजे लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची लस. यंदा न राहवून विचारलं, "डॉक्टरसाहेब, ही माणसांना का नाही?"

प्रश्न मनात होता तो २३ सप्टेंबर २०२३ पासून. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली आणि नंतर कितीतरी जण अनवाणी गाळ उपसत होते. लेप्टोस्पायरा हा त्या आजाराचा पीळदार, टोकाला आकड्यासारखा वळलेला जिवाणू. उंदराच्या मूत्रपिंडात तो मुक्काम करतो, उंदराला काही होत नाही. लघवीतून बाहेर पडला की ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे तग धरतो आणि टाचेच्या भेगेतूनही आत शिरतो. ताप येतो, पोटऱ्या ठणकतात. बिघडलं तर कावीळ होते, मूत्रपिंडं बंद पडतात. जगात दरवर्षी अंदाजे १० लाख लोकांना हा आजार होतो, सुमारे ५९ हजार दगावतात.

लस मुळीच नाही असं नाही. फ्रान्समध्ये गटारकामगारांना ती दिली गेली, क्यूबाने तीन उपप्रकारांवरची लस बनवली. पण उपप्रकार अडीचशेच्या वर! मेलेल्या जिवाणूंची लस टोचली की शरीर मुख्यतः त्यांच्या बाहेरच्या साखरेच्या आवरणाची ओळख ठेवतं, आणि ते आवरण उपप्रकारागणिक बदलतं. एकाची ओळख दुसऱ्याला फारशी उपयोगी पडत नाही. तीही लवकर पुसते. म्हणून तर मोतीला दरवर्षी डोस.

मला आशा वाटते ती २०२१ च्या एका प्रयोगामुळे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी जिवाणूचं पोहण्यासाठी लागणारं एक प्रथिनच काढून टाकलं. असा लुळा पण जिवंत जिवाणू टोचल्यावर हॅमस्टर (उंदरासारखा छोटा प्राणी) आणि या आजाराला बळी पडणारे प्रयोगशाळेतले छोटे उंदीर वेगळ्या उपप्रकारांपासूनही वाचले. माणसापर्यंत पोचायला अजून मोठा पल्ला आहे. पोचेल तेव्हा पहिली सुई गडरलाइनमध्ये उतरणाऱ्यांना मिळावी.

तोवर गमबूट आणि पुराच्या पाण्यात उभं राहावं लागणाऱ्यांसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, आठवड्याला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक.

"मलाही नाही ना ती लस," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या कुत्र्याला हात लावण्याआधी त्यांनी नवे हातमोजे चढवले.